जुन्या पोकलेनच्या इंजिनातील सेन्सर-मंडलांची दोषचिकित्सा

उत्खनन यंत्राच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट पोकलेन म्हणतात त्या यंत्राच्या इंजिनात बिघाड झाला असता तो आवाजावरून, धुराच्या रंगावरून आणि हाताला लागणाऱ्या थरथरीवरून ओळखण्याची विद्या मिस्त्री मंडळींनी दीर्घ अनुभवाने संपादन केलेली होती, आणि जोपर्यंत डिझेलचा पंप, गव्हर्नर व इंजेक्टर ही तिन्ही अंगे केवळ यांत्रिक होती तोपर्यंत ती विद्या पुरेशीही होती. पुढे इंजिन आणि मिस्त्री यांच्या मध्ये संगणक आला. कोमात्सुच्या पीसी-२००-६ सारख्या यंत्रांत हा संगणक एका विद्युत् मोटरीच्या द्वारे गव्हर्नरची दांडी सरकवी आणि ती कोठवर सरकली याची खबर एका पोटेन्शिओमीटरकडून घेई, एवढाच त्याचा अधिकार होता. परंतु त्याच मालिकेतील पीसी-२००-८ किंवा कॅटरपिलरचे सी-६.४ इंजिनाचे ३२०-डी यांसारख्या कॉमन रेल यंत्रांत डिझेल केव्हा व किती सोडावयाचे याचा हुकूम संगणकच देतो, आणि त्यासाठी त्याला इंजिनावर ठिकठिकाणी बसविलेल्या सेन्सरांच्या साक्षीवर सर्वस्वी विसंबून राहावे लागते. भारतात बांधकाम यंत्रांना एप्रिल २०११ पासून भारत स्टेज तीन व एप्रिल २०२१ पासून भारत स्टेज चार ही प्रदूषणमानके लागू झाली, आणि त्यांपैकी दुसऱ्याने मध्यम व मोठ्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक इंजिन जवळजवळ अपरिहार्य करून टाकले. आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती जाणाऱ्या यंत्रांत या संक्रमणकाळातील यंत्रांचा मोठा भरणा आहे, आणि म्हणूनच पडद्यावर सेन्सरचा एरर कोड उमटला असता नेमके काय बिघडले आहे असे समजावयाचे, हा प्रश्न केवळ कंपन्यांच्या सर्व्हिस इंजिनिअरांपुरता उरलेला नाही. खडी क्रशरचे मालक, चिरेखाणी चालविणारे, तालुक्याच्या गावी वायरिंगची कामे करणारे कारागीर या सर्वांशी तो निगडित झालेला आहे.

या प्रश्नाचे जे उत्तर व्यवहारात सर्रास दिले जाते ते असे, की कोड ज्या सेन्सरचे नाव घेतो तो सेन्सर बदलावा. हे उत्तर माझ्या मते बहुतेक वेळा चुकीचे आहे, आणि जुन्या यंत्रांच्या बाबतीत तर ते फारच महाग पडते. कारण कोड हा एखाद्या सुट्या भागाविरुद्ध दिलेला निकाल नसून तो एका संपूर्ण मंडलाविषयी नोंदविलेली फिर्याद असतो, आणि त्या मंडलात सेन्सरखेरीज तारा, कपलर, त्यांतील पिना, अर्थिंग, पाच व्होल्टचा पुरवठा आणि स्वतः संगणक इतके पक्षकार असतात.

हे नीट उमजण्यासाठी संगणकाला प्रत्यक्षात दिसते काय ते पाहिले पाहिजे. त्याला उष्णता दिसत नाही की दाबही दिसत नाही. त्याला दिसते केवळ व्होल्टेज, किंवा वेग मोजणाऱ्या सेन्सरांच्या बाबतीत स्पंदांची संख्या. कूलंटचे, आत येणाऱ्या हवेचे आणि इंधनाचे तापमान मोजणारा सेन्सर हा बहुधा दोन तारांचा असून त्याच्या पोटात असा रोधक असतो, की ज्याचा रोध तापमान वाढेल तसा घटत जातो. साधारण २० अंश सेल्सिअसला जो रोध दोन-अडीच हजार ओहम असतो तो १०० अंशांना दोनशे ओहमच्या आसपास येतो, असा पुष्कळ सेन्सरांचा दाखला देता येईल. संगणक आपल्या पोटातील एका स्थिर रोधकातून पाच व्होल्टचा पुरवठा या सेन्सरकडे पाठवितो आणि मधल्या बिंदूवर किती व्होल्टेज उरते ते वाचतो. दाब मोजणारे सेन्सर, म्हणजे ऑइलचे, टर्बोनंतरच्या हवेचे आणि कॉमन रेलमधील इंधनाचे, हे बहुधा तीन तारांचे असतात: एका तारेने पाच व्होल्ट जातात, दुसरी परतीची अर्थ, आणि तिसरीवरून सुमारे अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंतचा संकेत परत येतो. ही अर्ध्या व्होल्टची दोन्हीकडची मोकळी पट्टी मुद्दाम राखलेली आहे, कारण निरोगी मंडलातून तिच्यात संकेत कधीच येऊ नये अशी योजना असते, आणि तो आला म्हणजे तार तुटली किंवा कोठेतरी चिकटली असा निष्कर्ष संगणक काढू शकतो. क्रँक व कॅमचे वेग-सेन्सर यांहून निराळे असून त्यांत काही निव्वळ चुंबक व वेटोळे यांचे, दोन तारांचे असतात, तर काही हॉल तत्त्वावरचे तीन तारांचे असतात. पहिल्या प्रकारचा सेन्सर स्वतःच विद्युत् निर्माण करतो. म्हणून बॅटऱ्या खाली उतरल्या आणि स्टार्टरने इंजिन मंद फिरविले, तर सेन्सर निर्दोष असूनही स्पंद दुबळे पडतात.

आता कोडांकडे वळू. निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळी लिपी वापरली असली तरी तिच्यामागचे व्याकरण आता पुष्कळसे एक झाले आहे. जड वाहने व यंत्रे यांच्यासाठी केलेल्या जे-१९३९ या मानकात प्रत्येक राशीला एक क्रमांक आहे, त्याला एसपीएन म्हणतात. कूलंटचे तापमान ११०, ऑइलचा दाब १००, टर्बोचा दाब १०२, रेलमधील दाब १५७, इंजिनाचा वेग १९०, अशी ती क्रमवारी आहे. त्याला जोडून बिघाडाच्या प्रकाराचा दुसरा क्रमांक येतो, तो एफएमआय. कॅटरपिलरची जुनी यंत्रे सीआयडी आणि एफएमआय अशी जोडी दाखवितात. तीतही ११० हा कूलंटचाच क्रमांक आहे आणि २६२ हा सेन्सरांच्या पाच व्होल्ट पुरवठ्याचा. कोमात्सुच्या पीसी-२००-८ मध्ये सीए-१४४ व सीए-१४५ ही कूलंट-सेन्सरची जोडी, सीए-१३५ व सीए-१४१ ही ऑइल-दाबाची, सीए-४५१ व सीए-४५२ ही रेल-दाबाची. आणि ज्यांनी कमिन्सची इंजिने हाताळली आहेत त्यांना हे आकडे परिचयाचे वाटतील, कारण या दोन कंपन्यांच्या त्या वर्गातील इंजिनांचे कूळ एकच आहे.

यांपैकी दुसरा क्रमांक पहिल्यापेक्षा अधिक मोलाचा आहे, आणि त्याचीच सर्वांत अधिक उपेक्षा होते. एफएमआय ३ म्हणजे संकेताचे व्होल्टेज मर्यादेच्या वर, एफएमआय ४ म्हणजे मर्यादेच्या खाली, ५ म्हणजे प्रवाह खंडित, ६ म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर, २ म्हणजे संकेत विसंगत किंवा चंचल. आणि या सर्वांहून अगदी निराळा असा एफएमआय शून्य, ज्याचा अर्थ मंडल निर्दोष आहे परंतु मोजलेली राशीच खरोखर धोक्याच्या पातळीवर पोहोचली आहे. ११०-० असे आले तर इंजिन तापले आहे. रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप यांची तपासणी करावयाची, आणि ती होईपर्यंत यंत्र चालवावयाचे नाही. ११०-३ असे आले तर इंजिन तापल्याचा काडीचाही पुरावा नाही. उलट, वर सांगितलेल्या रोधकाच्या गुणधर्मामुळे तार तुटली असता व्होल्टेज चढते आणि चढलेले व्होल्टेज संगणकाच्या लेखी अतिशय थंडी दर्शविते. पडद्यावरील मजकुरात ‘हाय’ हा शब्द वाचून इंजिन तापल्याची समजूत करून घेणे, रेडिएटर उतरवून धुऊन आणणे, थर्मोस्टॅट काढून फेकणे, आणि इतके करूनही कोड जात नाही म्हणून हताश होणे, हा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे, की त्याविषयी येथे विस्ताराने लिहिणे मला कर्तव्य वाटते. त्यातही थर्मोस्टॅट एकदा काढला म्हणजे तो पुन्हा बसविण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही, आणि ते इंजिन पुढे वर्षानुवर्षे पुरते न तापता चालते, डिझेल अधिक पिते व अकाली झिजते. अशा रीतीने एका वाचनदोषाचे पर्यवसान खऱ्या रोगात होते.

तपासाचा आरंभ कोठून करावा याविषयी कारागिरांत मतभेद आहेत. कित्येकांचा भरवसा लॅपटॉपवर व स्कॅनरवर, तर कित्येकांचा मल्टिमीटरवर. माझ्या मते दोहोंच्याही अगोदर बॅटऱ्या येतात. या यंत्रांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. त्यांचे टर्मिनल, इंजिन व चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी आणि संगणकाची स्वतःची अर्थ यांची जोपर्यंत घासून, आवळून, स्टार्टर फिरत असताना व्होल्टेज मोजून खातरजमा केलेली नाही, तोपर्यंत पुढील कोणत्याही मापावर विश्वास ठेवता येत नाही. अर्थ कच्ची असेल तर एकाच वेळी असंबद्ध असे चार-पाच कोड येतात, आणि भाबडा मालक चार-पाच सेन्सरांची खरेदी करतो.

यानंतरची जी परीक्षा मला सर्वांत सुंदर वाटते तिला एक पैसाही खर्च येत नाही; फक्त यंत्र रात्रभर बंद असले पाहिजे. सकाळी इंजिन सुरू न करता किल्ली फिरवावी आणि मॉनिटरवर किंवा स्कॅनरवर सेन्सरांची प्रत्यक्ष मापे वाचावीत. रात्रभर निवलेल्या यंत्रात कूलंट, हवा आणि इंधन या तिघांचे तापमान परस्परांच्या व भोवतालच्या हवेच्या अगदी निकट असले पाहिजे. त्यांपैकी एखादे पंधरा-वीस अंशांनी फटकून असेल तर कोड नसतानाही ते मंडल संशयास्पद ठरते. ऑइलचा व रेलचा दाब शून्याशी असला पाहिजे. टर्बोच्या सेन्सरने, तो निरपेक्ष दाब दाखवीत असेल तर, त्या स्थळाचा वातावरणीय दाबच दाखविला पाहिजे; तो कोकणपट्टीत १०१ किलोपास्कलच्या जवळ, पुण्यास ९५ च्या जवळ, महाबळेश्वरास ८६ च्या आसपास असतो. व्होल्टेज मर्यादेच्या आत राहूनही सेन्सर असत्य बोलू शकतो, आणि संगणक त्याला पकडू शकत नाही. ही सकाळची शहानिशा मात्र त्याला पकडते. जुने यंत्र विकत घेणाऱ्याने सौदा ठरविण्यास जाताना यंत्र अगोदर तापवून ठेवू नये असे विकणाऱ्यास बजावून सांगावे, ते याचसाठी.

प्रत्यक्ष मंडलाच्या तपासात मात्र एका युक्तीला तोड नाही. दोन तारांच्या तापमान-सेन्सरचा कपलर काढला म्हणजे मंडल खुले झाले, व्होल्टेज चढले आणि एफएमआय ३ चा कोड आला पाहिजे; मग कपलरच्या दोन्ही टोकांना योग्य जाडीच्या पिनेची छोटी तार लावून ती जोडली, तर व्होल्टेज कोसळून एफएमआय ४ चा कोड आला पाहिजे. कोड असा आज्ञेप्रमाणे पालटला तर कपलरपासून संगणकापर्यंतची वायरिंग आणि संगणक ही दोन्ही निर्दोष, आणि संशय सेन्सरवर उरतो. तो पालटला नाही तर नवा सेन्सर आणून काहीही साधणार नाही. दोष मागे, तारेत आहे. तीन तारांच्या सेन्सरला ही युक्ती आंधळेपणाने लावू नये, कारण पाच व्होल्टची तार अर्थला भिडविली तर तो पुरवठाच बसेल आणि त्यावरचे सगळे सेन्सर मुके होतील. तेथे वायरिंगचा नकाशा पाहून प्रथम पाच व्होल्ट व अर्थ मोजावे आणि मगच संकेताच्या तारेकडे वळावे. कपलर काढला असता संकेत वर जाईल की खाली, हे ज्या त्या कंपनीच्या रचनेवर अवलंबून असते, हेही येथे ध्यानात ठेवावयास हवे. तारांची अखंडता मोजताना कोमात्सुची पुस्तके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १० ओहमपेक्षा अधिक रोध नसावा असे सांगतात. दोन्ही टोकांचे कपलर काढल्याशिवाय हे माप घेऊ नये, आणि किल्ली बंद असताना घ्यावे.

अनेक सेन्सरांनी एकदम तक्रार केली तर ती बहुधा सामाईक पुरवठ्याची तक्रार असते. संगणक पाच व्होल्टच्या एक किंवा दोन-तीन वाहिन्या काढतो व प्रत्येकीवर कित्येक सेन्सर पोसतो. त्यांतील एकाच्या पोटात शॉर्ट झाला किंवा एकच तार ब्रॅकेटवर घासून उघडी पडली, की त्या वाहिनीवरील निरपराध सेन्सरांचीही कैफियत ऐकू येऊ लागते. कोमात्सुमध्ये सीए-३५२ किंवा सीए-१८७, आणि कॅटरपिलरमध्ये २६२, हे कोड सोबत दिसले तर बाकीचे कोड बाजूला ठेवून आधी यांचाच तपास करावा. मीटर पाच व्होल्टवर लावून ठेवावा आणि त्या वाहिनीवरील कपलर एकेक करून काढीत जावे. ज्याचा काढताच पुरवठा पूर्ववत् होतो तो अपराधी, आणि सर्व काढूनही होत नसेल तर तार.

जो दोष कायमचा आहे तो शोधणे सोपे. येतो-जातो तो दोष माणसाची परीक्षा पाहतो. यंत्र दुपारी तापल्यावर, बूम आखडल्यावर, वरचा भाग फिरताना किंवा खडकावर दात आपटताना जो कोड क्षणभर येतो आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत नाहीसा होतो, त्याचे मूळ जवळजवळ नेहमीच वायरिंगच्या वाटेत असते. इंजिनावरून जाणारा हार्नेस जेथे ब्रॅकेटच्या कडेला टेकतो, जेथे त्याची क्लॅम्प गळून पडलेली असते, जेथे तो टर्बोच्या उष्णतेने कडक होऊन तडकतो, जेथे उंदरांनी त्याचे आवरण कुरतडलेले असते, ती ठिकाणे डोळ्यांनी आणि बोटांनी एकेक करून तपासावी लागतात. प्रदेशपरत्वे रोगही बदलतो. कोकणात व गोव्यात जांभ्याची तांबडी धूळ, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे कपलरांत पाणी मुरते व पिनांवर हिरवट कीट चढतो, आणि त्यातही यंत्र पावसाळाभर उभे राहिले असेल तर तो अधिक चढतो. देशावरच्या खडी क्रशरवर काळ्या दगडाची बारीक पूड रबरी सीलांच्या फटींतून आत शिरते आणि कंपनाने पिना झिजविते. चंद्रपूर-वणीच्या कोळसाखाणींत उन्हाळ्याची उष्णता व कोळशाची भुकटी यांची त्यात भर पडते. इंजिन जोरकस पाण्याच्या झोताने धुण्याची जी प्रथा सर्वत्र पडली आहे तिच्यापायी नासलेल्या कपलरांची गणती होणे नाही. अशा वेळी मापे पडद्यावर ठेवून, इंजिन मंद गतीवर चालू असताना हार्नेसचा वीत-वीत भाग हलवीत जाणे आणि कोणत्या ठिकाणी आकडा उडी मारतो ते पाहणे हाच राजमार्ग होय. पंखा, पट्टे व टर्बो यांच्याजवळ हात नेण्यापूर्वी मात्र इंजिन बंद करावे; आणि रेलच्या नळ्यांना इंजिन चालू असता कधीही हात लावू नये, कारण त्यांतील दाब हजार बारपलीकडे जातो आणि तितक्या दाबाची अदृश्य धार कातडी भेदून आत शिरते.

येथवर जे सांगितले ते नव्या यंत्रासही लागू पडते. वापरलेल्या यंत्राची खरी विशेषता अशी, की त्यात निसर्गाने केलेल्या बिघाडांवर माणसांनी केलेल्या बिघाडांचा थर चढलेला असतो. पूर्वीच्या कोणी सुई किंवा टेस्ट लॅम्पचे टोक आवरणातून टोचून व्होल्टेज पाहिलेले असते, आणि त्या छिद्रातून ओल शिरून आतले तांबे वर्षा-दोन वर्षांत भुकटी झालेले असते. कोणी बकेटचे दात वेल्डिंग करताना बॅटरी व संगणकाचे कपलर न काढता, अर्थचा चिमटा दूरवर लावलेला असतो, आणि तो प्रवाह नको त्या वाटेने गेलेला असतो. कोणी तुटलेली तार पिळून वर नुसती टेप गुंडाळलेली असते. यांत अज्ञान आहे, पण कपट नाही. कपट तेथे आहे, जेथे विक्रीपूर्वी धोक्याचा दिवा व बझर शांत करण्यासाठी सेन्सरच्या जागी वायरिंगमध्येच एक रोधक टाचून दिलेला असतो, जेणेकरून इंजिन खरोखर उकळत असले तरी संगणकास ते सदैव सुखरूप दिसावे. हा अपराध मी क्षम्य मानीत नाही, कारण संरक्षणाची ती यंत्रणा गेली म्हणजे नवा मालक लाखो रुपयांचे इंजिन डोळ्यांवर पट्टी बांधून चालवीत असतो. तो पकडण्याचे उपाय दोन. किल्ली चालू असताना त्या सेन्सरचा कपलर काढावा. माप हलले नाही, कोड आला नाही, तर वायरिंगमध्ये काहीतरी दडविलेले आहे. आणि गार इंजिन सुरू करून ते तापेपर्यंत माप पाहत बसावे. जे माप अर्धा तास एकाच आकड्यावर खिळून राहते ते माप नव्हे. किल्ली प्रथम फिरविताच सर्व इशारादिवे क्षणभर लागतात की नाही तेही पाहावे, कारण दिवाच काढून टाकण्याचा याहूनही सोपा मार्ग पुष्कळांना ठाऊक आहे. त्याचप्रमाणे संगणकाच्या दफ्तरातील जुने, आता निष्क्रिय असलेले कोड वाचावेत. पुष्कळ यंत्रांत प्रत्येक कोडापुढे तो किती वेळा आला आणि कोणत्या तासाला आला याची नोंद असते. ही नोंद बोलकी असते, आणि ती अगदी कोरी असणे हेही विक्रेत्यास दोन प्रश्न विचारण्यास पुरेसे कारण आहे.

सेन्सर कधीच दोषी नसतो असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी घेऊ नये. क्रँकच्या सेन्सरच्या टोकाला लोखंडी कीस चिकटतो, किंवा फ्लायव्हीलच्या दात्यांपासूनचे त्याचे अंतर बिघडते; पीसी-२००-६ मध्ये तो सेन्सर दात्याला टेकेपर्यंत आवळून मग एक फेरा मागे घ्यावयाचा असतो, आणि हे न करता तो बसविला तर नवाही चालत नाही. ऑइल-दाबाचे सेन्सर कंपनाने आतून फुटतात, आणि कधीकधी त्यांतून ऑइल तारांच्या आतून झिरपत दूरच्या कपलरात जाऊन उतरते. तेथे ऑइल दिसले तर सेन्सर बदलण्यास कोणत्याही मीटरची वाट पाहण्याचे कारण नाही. संगणक मात्र क्वचितच मरतो. माझ्या अनुभवात ज्या संगणकांना मृत ठरवून बदलण्यात आले त्यांपैकी पुष्कळांच्या मागे अर्थची एखादी सैल पट्टी किंवा मागे सरकलेली एखादी पिन होती, आणि नवा संगणक बसविताना कपलर काढून पुन्हा घट्ट बसविला गेल्यानेच यंत्र सुधारले होते. स्कॅनरच्या बाबतीतही इतकेच म्हणेन, की बाजारात मिळणारा सर्वसाधारण स्कॅनर जे-१९३९ चे कोड वाचतो, पण कंपनीचे खास कोड व प्रत्यक्ष मापे सर्वच दाखवील असे नाही. आणि तो जोडलाच जात नसेल तर आधी संवादाच्या दोन तारांमधला रोध बॅटरी तोडून मोजावा. त्या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, म्हणून तो ६० ओहम आला पाहिजे. १२० आला तर एक टोक तुटले आहे.

दुरुस्तीविषयी थोडके लिहितो. तार जोडावयाची तर ती क्रिंप करून, वर उष्णतेने आवळणारी व आतून डिंक असलेली नळी चढवून जोडावी. कपलर बदलावयाचा तर सीलांसह बदलावा. आणि तार जेथे घासली तेथून तिची वाटच पालटून क्लॅम्प लावावी, नाहीतर तीच तार तेथेच पुन्हा घासेल. त्यानंतर कोड पुसावा, आणि कामगिरी फत्ते झाली असे रिकाम्या इंजिनावरून ठरवू नये. यंत्राला साईटवर नेऊन, ऑइल व कूलंट पुरते तापेपर्यंत भरल्या बकेटीने काम करवून, मग पुन्हा कोड वाचावेत. आणि तासांचा आकडा, मूळ कोड, सेन्सर काढून व लावून घेतलेली व्होल्टेजची मापे आणि जोडलेल्या तारेचे ठिकाण, एवढी नोंद यंत्राच्या वहीत तारीखवार करून ठेवावी, म्हणजे पुढे जो कोणी कारागीर किंवा खरेदीदार त्या यंत्राकडे येईल त्याला तपास पहिल्या पायरीपासून सुरू करावा लागणार नाही.